दुपट्यांवरचे निळे ठिपके

तासगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे, चारी बाजूंनी द्राक्षबागा. तिथे दिलशादभाभी रिठ्याच्या पाण्याची किटली घेऊन येतात. बेदाण्याच्या हंगामात त्या शेडवर बेदाणा निवडतात. एरवी घरोघरच्या वाकळा आणि लहान मुलांचे कपडे धुतात. पूर्वी त्याही पावडरच वापरायच्या. हाताची सालं निघू लागली तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, अजमलभाईंनी, मिरजेहून रिठे आणून दिले. रात्री भिजवायचे, सकाळी उकळून, कुस्करून गाळायचे. "फेस कमी येतोय, पण धुण्याचं पाणी शेवग्याला घाला, झाड तक्रार करणार न्हाई," हे त्या प्रत्येक घरी सांगतात.

मी बी.एस्सी. झालेली. पावडरीच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचून घाबरले आणि सृष्टीचे सगळे कपडे भाभींकडे दिले. सृष्टी माझी मुलगी, अजून रांगतेय.

तरी तिच्या मानेवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, कपड्यांची पावडर बदला. पावडर नव्हतीच, मग बदलू काय? सासूबाई म्हणाल्या, उष्णता. माझा नवरा जयराज म्हणाला, "रिठा डोळ्यात गेला की झोंबतो. मग कातडीला झोंबत नसेल?" मला सगळ्यांचंच पटत होतं.

मग दुपट्यांवर बारीक निळसर ठिपके दिसले. भाभी गुपचूप नीळ घालतात की काय? दोन दिवस जीभ रेटेना. शेवटी विचारलंच.

भाभी धुणं टाकून उभ्या राहिल्या. "नीळ? वैनी, लेकराच्या कापडाला मी मीठसुदिक लावत न्हाई. चाटून बघा."

"चाटायचं कशाला, भाभी!"

"मग मी चाटते." त्यांनी खरंच दुपट्याचा कोपरा जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि थुंकल्या. "रिठा कडू असतोय. हे पितळंत कळकलेल्या ताकागत लागतंय."

आम्ही दोघी आमच्या बागेच्या कडेला गेलो. मांडवाची शेवटची तार चांगली ताणलेली, ऊन भरपूर, म्हणून वस्तीवरचे सगळेच तिथे कपडे वाळत घालतात. तारेलगतच्या पानांवर तेच ठिपके होते. जयराज महिनाभर अधूनमधून बोर्डो मारत होता, मोरचूद आणि चुन्याचं पाणी; ठिपके दिसले त्याच्या आदल्या दिवशीही मारला होता. दुपटी तेव्हा तारेवरच होती.

"फवारणी थांबवली तर डावणी रोग येईल, बाग जाईल," आमचं बोलणं ऐकून आलेला जयराज म्हणाला.

"मग लेकीचं काय करू?"

"कपडे आत घाल की."

"बगा, माझा रिठा सुटला," भाभी म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

आता कपडे आतल्या खोलीत, पंख्याखाली. पुरळ उतरतंय. पण डॉक्टरांचं मलमही चालू आहे, आणि थंडीही पडू लागली आहे. कशाने उतरतंय ते कळत नाही. शिवाय दुपट्यांना कुबट वास येतो. तो तरी चांगला का?

आज भाभींनी तोड काढली. "बेदाण्याची शेड रिकामी पडलीया. वर छप्पर, बाजूनं पडदं, आत जाळ्या. तिथं वाळवू."

"पण बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ना?"

भाभींनी कपाळाला हात लावला. "आवं वैनी, तुमी ती पुस्तकं जरा कमी वाचायची हुती! बरं, जाळ्या आधी रिठ्यानं धुऊन घेते. झालं समाधान?"

किटली उचलून त्या निघाल्यासुद्धा. मी मागून हाक मारली, "भाभी, पण त्या जाळ्या वाळवायच्या कुठे?"

भाभी थांबल्या. बागेकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं. मग किटली खाली ठेवून माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसल्या.