यानच्या स्केटची धार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही.

मी सलीम, दापोलीकडचा, राहतो अल कुसैसला. सतरा वर्षं दुबईतल्या एका आइस रिंकवर स्केटच्या पात्यांना धार लावतोय. वाळवंटात बर्फ आणि त्यावर कोकणी माणूस, म्हणून गावाकडे अजून हसतात. हसू देत.

आमच्या आइस हॉकी टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर, होता यान. युरोपातून करारावर आलेला, छत्तिशीचा. आता गोलीची धार वेगळी असते, हे आधी सांगायला हवं. बाकीच्यांच्या पात्याला खोल खाच लागते, ती बर्फ पकडते. गोलीला आडवं घसरायचं असतं, त्याची खाच उथळ. त्यासाठी मशीनचा दगड दर वेळी नव्याने घासावा लागतो. आणि यानचे नखरे तरी किती! पात्यावरून बोट फिरवायचा, मान हलवायचा — "सलीमभाई, थोडा कम." तीन-तीनदा परत. मला काय दुसरे उद्योग नव्हते?

त्या दिवशी मॅचआधी अठरा जोड पडलेले. मॅनेजर डोक्यावर उभा — यल्ला, यल्ला! यानचा जोड शेवटी आला. दगड घासायचा होता. मी नाही घासला; बाकीच्यांच्याच खोल खाचेवर त्याचीही पाती ओढली. विसरलो? छे. चांगलं कळत होतं मला. घाल की एक दिवस, नवाबा, असं मनात म्हटलंसुद्धा.

उशीर झाला होता, म्हणून त्याने बोट न फिरवताच स्केट चढवले. माझ्या भरवशावर. आडवा जाताना दर वेळी पाय अडकत होता. सहा गोल खाल्ले.

मॅच संपल्यावर जोड माझ्यापुढे ठेवून त्याने एवढंच विचारलं, "सेम?"

"सेम, हबीबी. रोजचंच."

आणि त्याने पात्याला हात लावायच्या आत मी जोड उचलला, दगड घासून मशीनवर धरला, नीट करून ठेवला. खलास. चीड येते ती याची — हात किती झटपट चालले माझे!

"मग माझे पायच गेले," तो म्हणाला.

त्यानंतर धार बरोबर असूनही तो बिचकायला लागला. करार वाढला नाही. निघताना त्याने मला मिठी मारली. म्हणाला, एवढ्या देशांत खेळलो, डोळे मिटून घालावेत असे स्केट तुझ्याच हातचे.

तो आता खेळत नाही. पाय थकले, असं सगळ्यांना सांगतो.

पाय ठणठणीत होते त्याचे.