भाऊजींचं नाक आणि गाडीचं पोळं

आमच्या भाऊजींच्या नाकाने जेवढा छळ मांडला, तेवढा गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या नाकाने मांडला नसेल. आणि त्या नाकावाचून आमचं जेवढं अडलं, तेवढं दुसऱ्या कशावाचून अडलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फुलचूरला रस्त्याच्या कडेला त्यांचं गॅरेज आहे. गाडीच्या धुराचा वास घ्यायचा आणि आतला बिघाड सांगायचा, हाच त्यांचा धंदा, हीच विद्या आणि हाच माज. ताईला बघायला आले तेव्हा मुलीकडे मान वर करून पाहण्याआधी त्यांनी पोह्यांची बशी नाकाशी नेली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तेल दुसऱ्यांदा तापलेलं दिसते, मामाजी." वडिलांना असा राग आला की लग्न मोडतं की काय अशी पाळी आली. तेल दुसऱ्यांदा तापलेलं होतं, हे आईने मात्र मरेपर्यंत कबूल केलं नाही.

लग्नानंतर तर त्या नाकाचं राज्यच आलं. गॅरेजात अगरबत्ती लावायला बंदी. गणपतीच्या फोटोला रोज फक्त जास्वंद, कारण तिला वास नसतो. अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाईकाने रस्त्यापलीकडे उभं राहून आपली तक्रार ओरडून सांगायची. कामाच्या दिवशी सकाळी घरात कांदा चिरायचा नाही, फोडणी द्यायची नाही. ताई बिचारी सासरी आल्यापासून भाजी दुपारीच फोडणीला टाकायची. भाऊजींचे सात पांढरे रुमाल असत. चालू गाडीच्या मागे उकिडवं बसायचं, रुमालाची घडी धुरापुढे धरायची, मग कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून ती घडी हुंगायची, आणि परत येऊन निकाल द्यायचा. "कच्चं पेट्रोल. तिसरा प्लग." की मग ब्रह्मदेव आला तरी तिसराच प्लग.

गाडीच्या सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो. त्याचं खरं नाव कॅटलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, आणि विषारी धूर तिथे निवळून बाहेर पडतो. भाऊजी त्याला नुसतं 'पोळं' म्हणत, तेही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. पोळ्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. धुरात काही बिनसलं की ते खबर देतात आणि ड्रायव्हरपुढे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. दिवा लागला की आमच्याकडे लोक पहिल्यांदा सेन्सर बदलतात. एका डॉक्टरसाहेबांनी असे तीन सेन्सर बदलले होते. भाऊजींनी बॉनेट उघडून नाक आत घातलं, आणि धुराच्या नळीच्या इंजिनाजवळच्या जोडावर बोट ठेवलं. जोडाची गॅस्केट फाटली होती, बाहेरची हवा आत शिरत होती, आणि सेन्सर बिचारा ती इमानाने मोजत होता. "गावात चोरी झाली म्हणून कोतवाल बोंबलून राहिला," भाऊजी डॉक्टरांना म्हणाले, "अन् तुमी चोर सोडून कोतवालच बदलवून राहिले? काऊन जी?" डॉक्टर इतके वरमले की मुकाट्याने चहा पिऊन गेले. कोड वाचायचं यंत्र भाऊजींनीही घेतलं होतं, पण ते खोक्यातून बाहेर निघत नसे. "ते कोन बोंबलला ते सांगते. कायले बोंबलला, ते त नाकालेच समजते."

तर अशा माणसाचा मी एकुलता एक साळा, आणि यंदा संक्रांतीला माझ्याच गाडीचा पिवळा दिवा लागला. गोंदियात एकाने सेन्सर बदलून दिला. दिवा कायम. दुसरा म्हणाला, "सर, ये डब्बा ही निकाल देते हैं, सीधा पाइप डाल देंगे. टेन्शन खतम!" मी सरळ भाऊजींकडे गेलो. त्यांनी रुमाल धरला, कोपऱ्यात गेले, आणि फार वेळ परत येईनात. आले ते म्हणाले, "काई नाही. दिवा खोटा बोलून राहिला." आता, दिव्याला खोटारडा म्हणणारे भाऊजी मी जन्मात पाहिले नव्हते. माझं टाळकं तेव्हाच ठिकाणावर यायला हवं होतं. पण मी शाळामास्तर, निकालावर विश्वास ठेवायची सवय. बायको मागच्या सीटवरून पदर नाकाला लावून म्हणत होती, "डिकीत सडकी अंडी ठेवली का हो?" मी तिलाच गप्प केलं. महिन्याभरात तीनदा गेलो, तीनदा हेच. एव्हाना गॅरेजातून नीट होऊन गेलेल्या गाड्याही परत येऊ लागल्या होत्या, आणि मग त्या परत यायच्याही थांबल्या.

फाल्गुनात मी हट्टाला पेटलो. म्हटलं, चला, देवरीपर्यंत गाडी तापवून बघू. भाऊजी शेजारी बसले, खिडकीतून नाक बाहेर काढून. देवरीच्या अलीकडे एका गावात लोकांनी लाखोरीच्या डाळीचं कापलेलं पीक रस्त्यावर पसरलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी फुकटात मळणी होते, म्हणून पसरतात. आम्ही वरून गेलो. थोड्या वेळाने मला करपल्याचा वास आला. "भाऊजी, काहीतरी जळून राहिलं."

"काई नाही. गाडी फस्क्लास हाय. चाल."

तेवढ्यात बांधावरून पाण्याची घागर घेऊन चाललेली एक बाई हात वर करून धावली. "अवो थांबा! खालून जाळ निघून राहिला!" खाली उतरून बघतो तर लाखोरीचं काड पोळ्याला गुंडाळलं गेलेलं आणि भडकलेलं. मी काठीने ओढू लागलो. बाईने डोईवरची घागर उतरवली. भाऊजी ओरडले, "पाणी नोको!" पण घागर रिकामी झाली होती. जाळ विझला आणि डब्याच्या पोटातून टक् असा आवाज आला. तापलेल्या पोळ्यावर पाणी पडलं की आतली जाळी तडकते. बाईला काय ठाऊक! तिने बिचारीने आमचे जीव वाचवले होते.

भाऊजी बांधावर मोहाच्या झाडाखाली बसले. मोहफुलं पडायला लागली होती. वासाने नुसती भूल पडेल असा तो भाग. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला जळाल्याचा वास कसा नाही आला?" त्यांनी एक फूल उचललं, नाकाशी धरलं, चुरगाळलं, पुन्हा धरलं.

"मोह पडला, हे मले दिसून राहिलं," ते म्हणाले. "वास नाही येत. दिवाळीत ताप आला ना, तवापासून कायचाच नाही येत."

"मग इतके दिवस सगळ्यांना सांगत काय होता?"

"अंदाज." मग हातातलं चुरगाळलेलं फूल टाकून म्हणाले, "तुह्या गाडीचा एक प्लग ठिणगी देऊन नसन राहिला. कच्चं पेट्रोल पोळ्यात जाऊन जळे, म्हणून ते एवढं लाल झालं, अन् काड पेटलं. संक्रांतीलेच वास आला असता त पोळं वाचलं असतं. म्या मारलं त्याले." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. नव्या पोळ्याच्या खर्चाचंही आलं असेल, पण जास्त त्या चुरगाळलेल्या फुलाचं आलं.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मले मालूम हाय. दिवाळीपासून सकाळी फोडणी देऊन राहिली मी, यायनं एक दिवस हूं का चूं नाही केलं." आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून गाडीच्या मागे जाऊन बसली. आता गॅरेजचं नाक ती आहे. पोळं बिघडलं की धुराला सडक्या अंड्याचा वास येतो, पण तिच्या माळकरी घरात अंडं कधी शिजलं नाही, त्यामुळे तो वास तिला सांगता येईना. "उन्हाळ्यात तलाव आटला अन् म्हशी गाळात शिरल्या, का येते ना, तसा," ती म्हणाली. भाऊजींनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "पोळं." बरोबर निघालं. इंजिनातलं पाणी जळत असलं की तिला गूळ करपल्याचा वास येतो. मात्र एकदा ती हौसेने सांगू लागली, "आंब्याले मोहोर आला जी, का घमघमाट हाय..." तेव्हा भाऊजी रुमालाची घडी घालत एवढंच म्हणाले, "गाडीचं तेवढं सांग."

नाकाच्या डॉक्टरांनी भाऊजींना रोज सकाळी एकच वास हुंगायचा अभ्यास सांगितला आहे. नाक आलं तर येईल, नाही तर नाही. भाऊजी स्वतः दुकानात गेले आणि अगरबत्तीचा पुडा घेऊन आले. ज्या गॅरेजात जन्मभर उदबत्तीला थारा नव्हता, तिथे आता सकाळी भाऊजी स्टुलावर बसतात, डोळे मिटतात आणि ताई काडी पेटवून त्यांच्या नाकाशी धरते. "येते का जी?" ते छातीभर श्वास घेतात. "नाही." दोन-चार सकाळी मी हे पाहिलं आणि मला राहवेना. बाजूला घेऊन म्हटलं, "एक दिवस तरी हो म्हणा ना भाऊजी. तिला बरं वाटेल."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा त्या पोह्यांच्या बशीसमोर उभा राहिलो. "तुह्या गाडीले फस्क्लास म्हटलं होतं म्या," ते म्हणाले. "आता येत नाही त नाहीच म्हणीन."

आजही ते नाही म्हणाले. ताईने काडी गणपतीपुढे, जास्वंदीच्या शेजारी खोचली. गॅरेजभर चंदनाचा वास पसरला, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ तो घेत उभे राहिलो.