इंग्लंडहून आलेली सीडी

हवालदार लालासाहेब फौजेत होते तेव्हा त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईंनी, ऊस एकटीनं सांभाळला. पाण्याची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधावर जायचं, तोडणीला टोळी वेळेवर आली नाही तर कारखान्याच्या माणसाला दारात गाठून खडसावायचं. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावात बाईंना घाबरट म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण हवालदार पेन्शनीत घरी आले, आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातनं वस्तरा गळून पडला, तेव्हा मात्र बाई हादरल्या. उजवी बाजू गेली होती.

साताऱ्याच्या दवाखान्यातनं माणूस परत मिळाला. पण हात लुळा, जीभ जड. व्यायाम करून घ्या, डॉक्टर म्हणाले. एकदा घाईघाईत दाखवले, आणि घरी येईस्तोवर बाई निम्मे विसरल्या. हवालदार दिवसभर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. घास भरवायला गेलं की मान फिरवायचे.

अशात दीक्षा सुट्टीवर आली. बौद्धवस्तीतल्या भामाबाईंची ही थोरली लेक मिरजेला नर्सिंग शिकून इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली होती. हवालदारांचं कळल्यावर ती आपण होऊन आली, खाटेशेजारी बसली आणि त्यांच्या मुठीचं एकेक बोट हळूहळू उलगडू लागली.

"काकू, हात मेला न्हाई. इसरलाय. त्याला परत शिकवायचं."

"मला कुठं येतंय, पोरी?"

"शिकाल तुमी बी."

ती होती तोवर रोज आली. तिची रजा संपली आणि घर पुन्हा गप्प झालं. पण तिकडं गेल्यावरही ती विसरली नाही. ओळखीच्या माणसाबरोबर तिनं एक डीव्हीडी धाडली; गावात तिला सगळे सीडीच म्हणाले. अर्धांगवायूच्या माणसाचे व्यायाम पहिल्यापासून शेवटापर्यंत चित्रात दाखवलेले. तिचा भाऊ कुणाल शाळेत मास्तर होता, तो ती घेऊन आला.

यंत्राची अडचण नव्हती. शंभूराज, बाईंचा मुलगा, बापासारखाच फौजेत. वडलांचा वेळ जावा म्हणून त्यानं मागच्या रजेत सांगलीहून नवाकोरा डीव्हीडी प्लेअर आणून ठेवला होता. कुणालनं सीडी आत सारली. यंत्र घरघरलं, पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हणतंय रं?"

"प्रदेश चुकलाय म्हणतंय, काकू."

"म्हंजे?"

कुणालनं सीडीची पेटी उलटीपालटी करून पाहिली. मागं पृथ्वीच्या गोलाचं छोटं चित्र आणि त्यात एक आकडा. प्लेअरच्या पाठीवर तसंच चित्र, पण आकडा वेगळा. त्यानं सांगलीच्या दुकानात फोन लावून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत, तिकडची सीडी इकडच्या यंत्रावर चालू नये म्हणून.

"आरं, आजारी माणसाला बी?" बाई म्हणाल्या. "पोरगी एवढ्या लांबनं धाडती, आन् हे डबडं प्रदेश इचारतंय!"

रागाच्या भरात त्यांनी प्लेअर पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुणालला बरोबर घेऊन त्या सांगलीच्या पॅसेंजरमध्ये बसल्या. दुकानातल्या पोरानं रिमोटची बटणं दाबून पाहिली, मालकाला विचारलं, पण यंत्र काही ऐकेना. बाई उठायला लागल्या तसा तोच म्हणाला, "मावशी, थांबा. लग्नाचं शूटिंग करणारा गुंडा म्हणून आमचा एक दोस्त हाय. त्याच्या भावानं दुबईहून प्लेअर आणलाय. त्याला सगळ्या देशांचं चालतं म्हणत्यात."

गुंडाच्या खोलीत वायरींचा नुसता गुंता होता. लग्नसराई असल्यानं त्याला बोलायला सवड नव्हती. तरी त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. सीडी घातली, आणि पडद्यावर एक गोरी म्हातारी खुर्चीत बसलेली दिसली. डाव्या हातानं उजवा हात धरून ती तो सावकाश वर नेत होती. चंद्राबाई पुढं सरकून बसल्या.

"चाललं की रं! चाललं!"

"घरी जुना व्हीसीआर हाय का?" गुंडानं विचारलं. होता. "मग कॅसेटवर उतरवून देतो. बसा चहा घेत."

कॅसेट हातात पडल्यावर बाईंनी त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. तो ओशाळून मागं सरला.

"आवं मावशी, काय करताय! हवालदार हिंडाय लागलं की घेऊन या त्यास्नी."

तेव्हापासून सकाळची न्याहारी झाली की बाई कॅसेट लावायच्या. इंग्रजी बोलणं कळायचं नाही, म्हणून आवाज बंद. गोरीनं हात उचलला की कॅसेट थांबवायची आणि हवालदारांचा हात तितकाच वर न्यायचा. पहिले दिवस अवघड गेले. हवालदार चिडायचे, डाव्या हातानं त्यांना ढकलायचे. एकदा बाईंचाही धीर सुटला. "सबंध पलटण चालवलीसा, आन् ह्या म्हातारीला हरताय?" त्या ओरडल्या. हवालदारांनी बाईंकडं मान वळवली. मग त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. आजारानंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

उन्हाळा सरता सरता अंगठा हलला. गणपतीच्या सुमारास त्यांनी सदऱ्याचं बटण स्वतः लावलं. खालचं वरच्या काजात गेलं होतं, पण बाईंनी ते दिवसभर तसंच राहू दिलं.

त्या रविवारी भामाबाईंच्या घरी दीक्षाचा फोन यायचा होता. चंद्राबाई आधीच जाऊन बसल्या. रिसीव्हर हातात आला आणि ज्या बाईंनी आयुष्यभर कारखान्याच्या माणसांना ऐकवलं, त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"काकू, बोला की!"

"बाई, तुजं लय उपकार... तू माजी कोण गं?"

"असं काय इचारताय? तुमचीच की मी. काकांचा हात कसा हाय?"

भामाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढं शेजारच्या वाडीतल्या तानुबाईंना तोच आजार झाला, तेव्हा चंद्राबाई कॅसेट घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. तिथं यंत्र नव्हतं. मग बाईंनी कॅसेट पिशवीतच ठेवली, पदर खोचला आणि तानुबाईंच्या मुठीचं पहिलं बोट हलक्या हातानं उलगडायला घेतलं.