रफ्टरची टर्फ, होती तशी

फिडेलमा गेरॅटी ही आमची धाकटी बहीण. सख्खी. बॅलिनक्रीवाच्या शाळेत भूगोल शिकवते आणि चौथ्या वर्षाची, पंधरा-सोळा वयाची पोरं सांभाळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली, बाकी आम्ही सगळे खोदकामाच्या मशीनवर. तिच्यासारखी मास्तरीण अख्ख्या रोसकॉमन जिल्ह्यात दुसरी नाही. कुणाला ही बढाई वाटत असेल तर त्याने कोलमन रफ्टरला विचारावं. तो सांगणार नाही, पण त्याचं तोंड बघितलं तरी पुरे.

चौथ्या वर्षाला परीक्षेचं ओझं नसतं. पोरांनी जरा जग बघावं, गावाच्या उपयोगी पडावं, म्हणून ते वर्ष. दुसऱ्या शाळांत पोरं केक विकतात, फोटो काढून घेतात, झाली समाजसेवा. फिडेलमाने पोरांना थेट बॉगवर, गावाबाहेरच्या दलदलीच्या माळावर नेलं. ज्यांच्या घरात आता कुणी धडधाकट उरलं नाही, त्या म्हाताऱ्यांची टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची माती, उभी करायला. ओल्या काळ्या मातीच्या विटा मशीन नुसत्या अंथरून जातं. त्या हाताने उचलून, एकमेकींना टेकवून खोपी केल्या तरच वारा लागतो. पडून राहिल्या की पावसात त्यांचा परत चिखल.

हे रफ्टरला खुपायचं. त्याचं कोळशाचं आणि पशुखाद्याचं दुकान. जिची टर्फ वाळली ती म्हातारी कोळसा कशाला घेईल? गावाला कोळसा विकायचा आणि स्वतःच्या घरात टर्फ जाळायची, असला माणूस. वर शाळेच्या कमिटीवर. आमच्या बहिणीला नोकरी लागली ती त्याच्या भाचीला डावलून, हे तो विसरला नव्हता. दर मीटिंगला एकच पालुपद, चौथं वर्ष म्हणजे हुंदडायचं वर्ष, आणि ही बाई पोरांना वेठीला धरते.

त्या मे महिन्यात नॅनो लायन्सची पाळी होती. नॅनो ऐंशीच्या पुढची, एकटी, पाठीला बाक आलेला. तिने फिडेलमाला सांगून ठेवलं होतं, की चूल पेटती आहे तोवर मी माझ्या घरात, चूल विझली की मला वृद्धाश्रमात नेऊन टाका. बॉगवर प्रत्येक घराचा आपला पट्टा. तिचा कुठला, तर काठीला पशुखाद्याची निळी पिशवी बांधलेला. बॉगवर सगळे असंच ओळखतात. कुणाची लाल, कुणाची पिवळी.

पोरं भिडली. गुडघ्यापर्यंत काळी झाली, एकमेकांना ढेकळं मारून झाली, पण दुपारपर्यंत अख्खा पट्टा उभा. मग नॅनो चहा घेऊन आली, काठी टेकत बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "लेकरांनो, झकास केलंत. पण माझा तो पलीकडचा."

पलीकडेही निळी पिशवी. पोरांनी उभा केला तो पट्टा रफ्टरचा. खाद्य त्याच्याच दुकानातलं, पिशव्याही त्याच्याच दुकानातल्या.

बस येऊन उभी होती, दिवस संपला होता, आणि नॅनोच्या विटा तशाच आडव्या. आणखी एक दिवस मागायचा तर हेडमास्तर डॉलार्डकडे, आणि डॉलार्ड म्हणजे लोणी, ज्याचा हात गरम त्याच्याकडे वितळणार.

दुसरं कुणी असतं तर टर्फ फुकट उभी झाली म्हणून त्याने आभार मानले असते. रफ्टरने कमिटी बोलावली. मंगळवारी संध्याकाळी ग्रंथालयात सगळे बसले, फिडेलमा दाराजवळच्या खुर्चीवर. रफ्टरने सुरुवात केली ती विचारपूस केल्यासारखी. भूगोलाची मास्तरीण ना आपण? जगाचे नकाशे शिकवता, आणि स्वतःच्या गावातला पट्टा ओळखता येत नाही? दोघे-तिघे हसले. मग घुसखोरीचा आरोप झाला, विम्याचा विषय निघाला, परवानगीचा निघाला. डॉलार्डने घाम पुसत सुचवलं, की बाईंनी शाळेच्या प्रार्थनेला सगळ्या पोरांसमोर उभं राहून माफी मागावी, म्हणजे विषय संपला.

तिच्या डोळ्यांसमोर नॅनोची चूल होती. माफी मागितली तर त्या पोरांनी जे केलं तो गुन्हा ठरणार, पुढच्या वर्षी एकही आईबाप पोराला पाठवणार नाही. नाही मागितली तर हे काम उद्यापासूनच बंद.

"कशाबद्दल माफी?" ती म्हणाली. "तुमचं काम फुकट केलं त्याबद्दल?"

"माझ्या मालाला हात लावला त्याबद्दल," रफ्टर म्हणाला. "तुझा बाप पण असाच होता बघ, पोरी. चुकायचं आणि वर ताठ मान. माफी नको ना? मग माझी टर्फ होती तशी करून दे. ते तर जमणार नाही. म्हणजे हा चिखलातला खेळ इथेच थांबला."

या वेळी जरा जास्त लोक हसले. फिडेलमाने मान वळवून डॉलार्डला विचारलं, की होती तशी करून दिली तर उपक्रम चालू, आणि माफी नाही, हाच ना ठराव? डॉलार्डने रफ्टरकडे बघितलं. रफ्टर कोट चढवत होता, त्याने हात उडवला, हो म्हणून टाक. झाला ठराव.

तिने नॅनोचा दिवसही त्याच दमात मागून घेतला. सुटका झाल्याच्या आनंदात डॉलार्डने दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस बॉगवर थांबली. फिडेलमाने पोरांना रांगेत उभं केलं आणि काम सांगितलं. ग्रॅन्या नावाची एक धीट पोरगी आहे, तिने विचारलं, "मिस, खरंच पाडायच्या?"

"पाडायच्या नाहीत. होत्या तशा ठेवायच्या. ओली बाजू खाली."

आजूबाजूच्या पट्ट्यांवर माणसं वाकून काम करत होती, ती एकेक करून सरळ झाली. रफ्टर व्हॅन घेऊन आला तोवर त्याचा निम्मा पट्टा आडवा झालेला. तो बूट न बदलताच चिखलात उतरला.

"थांबव त्यांना. माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता."

"होती तशी म्हणालात, मिस्टर रफ्टर," फिडेलमा म्हणाली. तिने पायापाशी एक वीट ठेवली, दोन बोटं सरकवली. "ही इथेच होती ना, की जरा डावीकडे?"

पोरांनी शेवटची वीट आडवी केली, हात झटकले आणि ती पलीकडे नॅनोच्या पट्ट्यावर जाऊन तिच्या विटा उभ्या करायला लागली.

मग रफ्टर स्वतःच्या विटा उभ्या करायला वाकला. बॉगवर माणूस एकटा वाकलेला दिसला की शेजारचा न सांगता येऊन हात लावतो, आमच्याकडे रीतच आहे ती. त्या सकाळी शेजारच्यांनी थर्मास उघडले आणि आपापल्या पट्ट्यावर उभं राहून चहा प्यायले.