खिळ्यांवर मांडलेला कोश

मेडशीचे नामदेव गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमला घरीच होतो. त्यांची मुलगी बोलत होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी जे लिहायला हवं होतं, ते मी तीस वर्षं टाळलं...

मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवायचो, गुरुजी प्राथमिक शाळेत होते. वऱ्हाडी बोलीचं व्याकरण काटेकोर नियमांत बसवायचा माझा ध्यास होता, पण प्रत्येक नियमामागे अपवादांचं शेपूट वाढत होतं. गुरुजी क्रियापदं गोळा करत. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एक शब्द लिहायचा, भोक पाडून सुतळीत ओवायचा आणि ओसरीतल्या खिळ्याला अडकवायचा. एका रविवारी मेडशीला त्यांच्या घरी गेलो, पाहिलं तर एका खिळ्यावर आवडणे, समजणे, दिसणे अशी क्रियापदं एकत्र. सगळ्यांत वरच्या पत्रिकेवर लिहिलेलं, की ज्याला आवडतं, समजतं, त्याला 'ले', म्हणजे पुस्तकी मराठीतला 'ला', लागतो. खाली फक्त ज्याचं त्याचं वेगळेपण. ही गोष्ट प्रत्येक शब्दापुढे का लिहिली नाही, असं मी विचारलं.

"वरती लिवलं हाय ना, मंग खाली पुन्हा कायले लिवाचं? आडनावाची पाटी घरावर एकच राह्यते, भाऊ. लेकराइच्या कपायावर थोडीच लिवतो आपुन!"

परतीच्या एसटीत मी तोच विचार करत होतो. नियम कमी करायचे, माहिती शब्दापाशी ठेवायची, सामाईक असेल ती एकदाच वर मांडायची... माझी अडलेली गाठ तिथे सुटली. त्यावर माझा प्रबंध उभा राहिला, पुढे पुस्तक झालं. पुस्तकात मी या पद्धतीला 'माझी मांडणी' म्हटलं आणि गुरुजींचं नाव शेवटी, शब्द पुरवणाऱ्यांच्या यादीत टाकलं. प्रत द्यायला मीच गेलो होतो. यादी पाहून ते हसले. "मले शब्दाचा हमाल केलं काय तुमी?" दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो, असं मी म्हणालो. दुसरी आवृत्ती निघाली. मी विसरलो नव्हतो. ती मांडणी त्यांची म्हटली तर माझं काय उरतं, ही भीती होती. त्यांनी विषय पुन्हा काढला नाही. नवे शब्द मात्र पाठवत राहिले.

तेरवीला गेलो तर वहिनी, गुरुजींच्या पत्नी, खिळ्यांवरच्या पत्रिकांच्या माळा उतरवत होत्या. "तुमचं सामान घिऊन जा, भाऊ. हे म्हनत, भाऊचं काम हाय, कोनी हात नोका लावू." मी त्यांना सगळं सांगितलं. वहिनींनी आतून माझं पुस्तक आणलं, पेन पुढे केला. "लिवा मंग."

पहिल्या पानावर मी लिहिलं. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं.

"हे त माह्या घरातलं पुस्तक. मीच वाचीन. बाकीच्याइच्या पुस्तकात कोन लिवन?"

ज्यांच्याकडे माझं पुस्तक असेल, त्यांनी कृपया पहिलं पान उघडावं आणि पेनाने लिहावं: ही मांडणी मेडशीच्या नामदेव गुरुजींची आहे.