धोंडूचे कावळे

आमच्या परळच्या चाळीतला धोंडू गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला. तेही सुटलं तेव्हा रोज सकाळी दादर चौपाटीवर जाऊन कावळ्यांना शिळी चपाती घालू लागला. कावळे त्याला ओळखायचे. दहाव्याचा पिंड मांडून ताटकळलेली माणसं त्याला हात जोडत. तो "काऽ काऽ" करी आणि पाच मिनिटांत कावळा शिवून जाई.

मग पाण्यात स्कूटरी आल्या. भाड्याने घ्यायची, पंधरा मिनिटं बोंबलत फिरवायची, व्हिडिओ काढायचा. म्हणे समुद्र सगळ्यांचा! पाटी लागली, किनाऱ्याजवळ इंजिनांना मनाई. त्या पाटीवर आता लाइफ जॅकेटं वाळत घालतात. आम्ही दोघे तक्रार घेऊन फिरलो. वाळूवाल्या कचेरीने सांगितलं, पाणी आमचं नाही. पाण्यावाल्या कचेरीने सांगितलं, आवाजाचं पोलीस बघतात. चौकीत विचारलं, "आवाज किती होता, मोजलात का?"

"कावळे मोजलंय, साहेब," धोंडू म्हणाला. "एक पण नाय."

साहेब हसला. मला शिसारी आली त्या हसण्याची.

त्यानंतर चौपाटीवर रोज तोच तमाशा. कावळा येईना म्हणून पोरंबाळं रडत काय काय कबूल करायची, जागा विकणार नाही, आईला सांभाळू. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे. धोंडू प्रत्येकाजवळ जाऊन सांगायचा, "कावळे इंजिनाक भियाले. तुमच्या माणसाच्या मनात काय्येक रवलेला नाय." माणसं डोळे पुसून घरी जायची.

गेल्या महिन्यात त्याची बायको लक्ष्मी गेली. दहाव्याला आम्ही चौपाटीवर गेलो. पिंडाशेजारी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तिच्या आवडीचं सगळं. धोंडूने हाक घातली, ती त्याची त्यालाच ऐकू आली नसेल. एक चष्मेवाला तर स्कूटर घेऊन पार काठाशी आला आणि गर्रकन वळला. खारं पाणी पानावर उडालं. मी आईमाईवरून शिव्या घातल्या. त्याला वाटलं आम्ही वाहवा करतोय, त्याने अंगठा दाखवला. थू!

तास गेला. भटजींनी दर्भ हातात घेतला तसा धोंडू पिंडासमोर गुडघे टेकून बसला.

"तंबाखू सोडतंय, लक्ष्मी. डोळ्याचा ऑपरेशन करून घेतंय. वैभवाक परत कधी ओरडूचंय नाय." वैभव, त्याचा मुलगा, बाजूलाच उभा राहून रडत होता.

मला बघवेना. मी त्याचा खांदा धरला. "अरे धोंडू, इंजिनं आहेत ती. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ता लोकांका सांगूक, रे," तो म्हणाला. "लक्ष्मीचा काय रवला असात?"