चाळीस अंशांच्या बाहेर

होडीत घोट्याएवढं पाणी साचलं आणि त्याच वेळी जीपीएसचा स्क्रीन काळा पडला.

मी सर्व्हेअर आहे. धरणात किती गाळ साचलाय, ते होडीतून मोजते. त्या दुपारी मावळातल्या एका धरणावर होते. सोबत कामशेतचे रफीकभाई. होडी त्यांचीच. डोंगरावरून अचानक वारा उतरला आणि लाटा उसळायला लागल्या.

होड्या लागायचा धक्का समोर दिसत होता. पण वाटेत, पाण्याखाली जेमतेम हातभर, खडकांची रांग होती. एरवी आम्ही जीपीएस बघून तिला वळसा घालायचो.

"रफीकभाई, खडकांचा अंदाज येतोय?"

"न्हाई ताई. लाटांत सगळं सारखंच दिसतंय. हितं आपटलो तर होडी फुटंल."

मी प्लास्टिकमधला नकाशा उघडला. काठावरचा देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी, या दोन खुणांमधून जाणारं वर्तुळ मी त्यावर आखलं होतं. सगळे खडक त्याच्या आत. वर्तुळाच्या मध्यातून पाहिलं तर या खुणांमध्ये ऐंशी अंशांचा कोन होतो. पाण्याकडच्या परिघावर कुठूनही पाहा, त्याच्या निम्मा, म्हणजे चाळीस. आत शिरलं की कोन वाढतो, बाहेर गेलं की घटतो. म्हणजे कोन चाळीसच्या खाली ठेवला की खडक लागणार नाहीत.

सेक्स्टंट काढला. दोन खुणांमधला कोन मोजायचं हे आरशांचं उपकरण हलत्या होडीतही चालतं. मी आरशात कळस टाकीवर आणला.

"छत्तीस. जाऊ द्या पुढे."

"जातो."

"अडतीस. हळू!"

तेवढ्यात पावसाची सर आली. कळस गायब.

"थांबा, दिसत नाहीये!"

"थांबलो तर होडी आडवी हुईल, ताई!"

सर सरली. मी पुन्हा आरसा जुळवला. एकेचाळीस. आम्ही आत शिरलो होतो.

"डावीकडे! लांब पाण्यात घ्या!"

"धक्का उजवीकडं हाय!"

"माहितीये. वळवा!"

त्यांनी वळवली. एक लाट अंगावरून गेली. उजवीकडे पाणी खाली बसलं आणि काळ्या खडकाची पाठ वर आली, वल्ह्याएवढ्या अंतरावर. रफीकभाईंनी डोळे मिटून घेतले. पण इंजिनवरचा हात काढला नाही.

एकोणचाळीस. सदतीस. चौतीस.

लांबचा फेरा घेऊन धक्क्याला लागलो. रफीकभाई होडीतलं पाणी उपसायला लागले. ऑफिसातून फोन आला, "डेटा आला का?"

"माणसं आली," मी म्हटलं.

पुढे त्या खडकांभोवती तरंगत्या लाल खुणा लावल्या. पहिल्याच वादळात काही सुटून वाहून गेल्या. म्हणून मी अजूनही होडी सोडण्याआधी काठावरच्या, न हलणाऱ्या दोन खुणा ठरवते.